मुकी झालेली तबकडी

कूडात, म्हणजे घराच्या पुढच्या मोठ्या खोलीत, पाय ठेवायला जागा नव्हती. बाहेरच्या ओट्यावर माणसं, पायऱ्यांवर चपलांचा ढीग, आणि रस्त्यात आडव्यातिडव्या लावलेल्या दुचाक्यांमागे अडकलेली टाउन बस हॉर्न मारून मारून थकलेली. तंजावूरच्या त्या गल्लीत एवढी गर्दी श्रीनिवासरावांच्या कीर्तनालाही कधी जमली नव्हती. आज जमली होती ती मात्र त्यांच्याच आवाजासाठी. आणि श्रीनिवासराव जाऊन सहा वर्षं झाली होती.

मधोमध मौनमोचनस्वामी बसले होते. हे नाव त्यांचं त्यांनीच ठेवलेलं. अंगावर भगवं रेशीम, कपाळभर विभूती, पुढ्यात जरीच्या वस्त्राखाली झाकलेली एक चपटी पेटी. शेजारी त्यांचा शिष्य मणी, पन्नाशीचा, पोट सुटलेला, हातात घंटा.

"तीन आठवडे या घरात ते बोलत नाहीत," स्वामी डोळे मिटून म्हणाले. "का बोलत नाहीत? आत्मा म्हणजे काय टेलिफोन आहे, कुणीही उचलावा आणि हॅलो म्हणावं?"

लोकांनी माना डोलावल्या. आत्मा टेलिफोन नाही हे सगळ्यांना एकदम पटलं.

स्वामींनी तबकडी उचलली. तिच्यावर फेटा बांधलेल्या श्रीनिवासरावांचं चित्र होतं. चेन्नईच्या एका कंपनीने त्यांच्या शेवटच्या कीर्तनाची ही ब्लू-रे डिस्क काढली होती. ते गेल्यापासून ती दर शुक्रवारी संध्याकाळी या घरात लागायची आणि चंद्रमतीबाई नवऱ्यासमोर बसून टाळ वाजवायच्या. मणीने आधी ती टीव्हीखालच्या घरच्या पेटीत सरकवली. पडदा काळा झाला. त्यावर इंग्रजीच्या चार पांढऱ्या ओळी उमटल्या आणि तशाच राहिल्या.

"बघा. मौन!"

मग तीच तबकडी जरीच्या वस्त्राखाली स्वामींच्या पेटीत गेली. मणीने वायर इकडची तिकडे केली, विभूती उधळली, घंटा बडवली. आणि पडद्यावर श्रीनिवासराव उभे राहिले. चिपळ्या वाजल्या, नेहमीसारखा घसा खाकरला, आणि पहिला सूर लागला.

शेजारची सरोजा हुंदके देऊ लागली. कुणी दंडवत घातला. चंद्रमतीबाईंच्या हातातला टाळ खाली पडला आणि त्यांना तो उचलायचंही सुचलं नाही.

स्वामींनी बोट वर केलं. मणीने आवाज बंद केला. "अम्मा, तबकडी तीच. माझ्या पेटीत बोलतात, तुझ्या पेटीत बोलत नाहीत. मग दोष कुठे? तबकडीत? नाही. दोष घरात आहे. या यंत्राला कुणाचा तरी अपवित्र हात लागला."

सगळ्यांचे डोळे चंद्रमतीबाईंकडे वळले. त्यांना इतके डोळे आवडायचे. मान ताठ करून, कुणी विचारायच्या आतच त्या म्हणाल्या, "माझ्या सुनेचा. चार दिवस बाहेर बसायचं सोडून ती यंत्राशी खेळत होती. मी पाहिलं."

त्यांनी काही पाहिलं नव्हतं.

*

खरं काय घडलं होतं ते असं. तीन आठवड्यांपूर्वी मणी दारी आला होता. स्वामींचा प्रसाद म्हणून त्याने हळदीच्या रंगाची एक तबकडी दिली. "आधी ही लावा, अम्मा. यंत्र शुद्ध होतं. मग तुमची लावा." चंद्रमतीबाईंनी लावली. पडद्यावर काही आलं नाही, नुसती अक्षरं आली. मग नवऱ्याची लावली. तीच अक्षरं. त्या दिवसापासून श्रीनिवासराव गप्प.

अखिला तेव्हा स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली होती. सून ओरत्तनाडूची, तमिळ घरातली. मुलाने, रमणने, आईला न विचारता पसंत केलेली. एका शाळेत मुलांना कॉम्प्युटर शिकवायची. मराठी ती लग्नानंतर शिकली आणि चांगली शिकली, हे चंद्रमतीबाईंनी कधी मान्य केलं नाही. सासूला हाक मात्र ती तमिळमध्येच मारायची, अत्तै.

"अत्तै, ते काय लिहिलंय ते मी वाचून दाखवते."

"मज वाचून दाखवायला तू कशाला गे? माझ्या नवऱ्याचं तोंड मज वाचता येतं."

"तसं नव्हे अत्तै, पेटीचा निरोप आहे तो. दहा मिनिटं द्या, मी नीट करते."

"ती पेटी माझ्या नवऱ्याची बैठक. तुझा हात लागायचा नाही."

चंद्रमतीबाईंची शाळा दुसरीत सुटली होती. तमिळ पाटी त्या जोडून जोडून वाचत. इंग्रजी म्हणजे नुसत्या काड्या. पण ते कबूल करायचं, आणि तेही सुनेपुढे? त्यापेक्षा स्वामी बरे. स्वामींनी वाचायला सांगितलं नाही, रडायला सांगितलं.

आणि रमण? रमण म्हणाला, "आई म्हणते तर असूदे ना अखिला." चाळिशीचा पुरुष, बँकेत अधिकारी, घरात मात्र पानाच्या डब्यासारखा ठेवाल तिथे बसणारा.

भर कूडात अपवित्र हाताची गोष्ट निघाली त्याच संध्याकाळी अखिला दहा वर्षांच्या मुलीला, कीर्तनाला, घेऊन ओरत्तनाडूला आईकडे गेली. जाताना एवढंच म्हणाली, "मला वाईट बोललात ते राहूदे. माझ्या मुलीसमोर बोललात."

स्वामींनी उपाय काढला. पुढच्या शुक्रवारी सुनेने याच गर्दीपुढे कापूर लावून कबूल करायचं, "माझ्या हाताने यंत्र बाटलं." कबूल केलं तर श्रीनिवासराव घरी परततील, आणि मग दर आठवड्याला या कूडात स्वामींची बैठक भरेल. नाही केलं तर सुनेने या घरी पुन्हा यायचं नाही. चंद्रमतीबाईंनी निरोप धाडला. धाडला, आणि पाच दिवस नातीचं रिकामं अंथरूण उगाच झटकत राहिल्या.

*

शुक्रवारी अखिला आली. साधी सुती साडी, खांद्याला पिशवी, हात धरून कीर्तना. गर्दीने वाट दिली. बायका जरा जास्तच सरकल्या, जणू पदर लागेल. ते चंद्रमतीबाईंनी पाहिलं. काय कोण जाणे, त्यांना ते आवडलं नाही.

पाटावर कापूर तयार होता.

"म्हण मुली," स्वामी मधाळ आवाजात म्हणाले.

"म्हणते. त्याआधी एक तबकडी लावते, आमच्या घरच्या पेटीत."

"नको!" मणी एकदम ओरडला. स्वामींनी त्याच्याकडे रोखून पाहिलं आणि स्वतः हळू आवाजात म्हणाले, "यंत्र अशुद्ध आहे, मुली. नको."

चंद्रमतीबाईंच्या कपाळाची शीर उठली. "स्वामी, या कूडात नको म्हणायचं ते मी म्हणते. लाव गे."

ही त्यांची जुनी खोड, आणि त्या दिवशी तीच कामी आली.

अखिलाने पिशवीतून तबकडी काढली. तिच्यावर चित्र नव्हतं. पेनाने तारीख लिहिलेली, बस. पेटीत सरकवली. पडदा उजळला. रमण-अखिलाचं लग्न! नादस्वरम्, केळीचे खांब, आणि मधोमध श्रीनिवासराव, घामाने भिजलेले, स्वयंपाक्यावर ओरडत: "अरे, पायसम् आधी मुलांना वाढ! म्हातारे काय पळून जातात?"

कूडात हशा पिकला आणि लगेच थांबला.

कीर्तना म्हणाली, "आजी, आजोबा रागावलेत ना? मग लग्नात कसे बोलतात? पेटी तर तीच."

स्वामी म्हणाले, "ते... ते जिवंतपणीचं आहे."

"कीर्तन काय मेल्यावर केलं होतं?" सरोजाने मागून विचारलं. आता हसू आवरेना.

अखिलाने श्रीनिवासरावांची कंपनीची तबकडी लावली. चार ओळी पुन्हा उमटल्या. ती सासूकडे वळली. "अत्तै, आता वाचू?"

चंद्रमतीबाईंनी होकारार्थी मान हलवली.

"लिहिलंय: या प्लेअर प्रोग्रामची किल्ली रद्द झाली आहे. इंटरनेट जोडा आणि प्रोग्राम नवा करा. महिनाभर एवढंच लिहिलेलं होतं."

मग ती शाळेत बोलते तशी बोलली, सावकाश. "कंपनीच्या तबकडीतलं चित्र कुलूपबंद असतं, चोरून नकला काढू नयेत म्हणून. पेटीतल्या प्रोग्रामला एक गुप्त किल्ली दिलेली असते. एखाद्या प्रोग्रामची किल्ली चोरांच्या हाती लागली की कंपन्या ती रद्द करतात. आणि रद्द किल्ल्यांची यादी कुठे असते? नव्या निघणाऱ्या तबकड्यांतच. कच्चेरीच्या, म्हणजे गाण्याच्या मैफलीच्या, दारावरचा माणूस असतो ना? नवी यादी हाती आली की तो ती पाठ करतो. मग ज्याचा पास रद्द झाला त्याला नव्या कच्चेरीलाही सोडत नाही आणि जुन्यालाही नाही. पेटीत तबकडी फिरवणारा भाग हाच तो दारावरचा माणूस. एक नवी तबकडी घातली, त्याने यादी पाठ केली. आमचा प्रोग्राम आठ वर्षांचा, त्याची किल्ली त्या यादीत. तिथून पुढे मामंजींची जुनी तबकडीही बंद. स्वामींच्या पेटीत प्रोग्राम नवा, किल्ली नवी, म्हणून तिथे चालते. लग्नाची घरी भरलेली, तिला कुलूपच नाही, म्हणून ती इथेही चालते."

"पण नवी तबकडी आम्ही कुठे घातली?" रमणने विचारलं.

"प्रसाद घातला ना?" अखिलाने टीव्हीजवळची हळदीच्या रंगाची तबकडी उचलली आणि नखाने वरचा कागद सोलला. खाली मोटारींच्या मारामारीचा इंग्रजी सिनेमा निघाला, ताजा.

रमण मणीकडे बघतच राहिला. मग आयुष्यात पहिल्यांदा आईच्या आधी बोलला. "मणीअण्णा, जुन्या बसस्टँडजवळ तुमचं डिस्कचं दुकान होतं. ही पेटी तुम्हीच जोडून दिलीत मला. कुणाच्या घरी कुठली पेटी आहे, तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक?"

मणीने घंटा खाली ठेवली. स्वामींना अचानक तिरुवैयारूच्या कुणा भक्ताची आठवण झाली; त्यांची फार वाट पाहत असणार. पेटी काखोटीला मारून ते चपलांच्या ढिगात आपली जोडी शोधू लागले. ती सापडेना, तेव्हा अनवाणीच गेले. मणी मागोमाग. जरीचं वस्त्र तिथेच राहिलं.

अखिलाने आपल्या फोनचं इंटरनेट पेटीला जोडलं. पडद्यावर एक निळी पट्टी हळूहळू सरकू लागली. वीस मिनिटं लागतात म्हणाली. गर्दीतलं एकही माणूस उठलं नाही. ती वीस मिनिटं चंद्रमतीबाई सगळ्यांसमोर बसून होत्या. आयुष्यभर त्यांना लोकांनी आपल्याकडे बघावं असं वाटे. आज वाटलं, दिवे जावेत.

पट्टी भरली. तबकडी फिरली. विभूती नाही, घंटा नाही. श्रीनिवासरावांनी घसा खाकरला आणि सूर लावला.

चंद्रमतीबाईंनी पडद्याकडे पाहिलं नाही. त्या उठल्या, कापराच्या पाटाशी, जिथे सून उभी राहणार होती तिथे उभ्या राहिल्या.

"आवाज बंद कर रे रमण. इथे मागच्या वेळी मी म्हटलं, सुनेला यंत्राशी खेळताना पाहिलं. मी पाहिलं नव्हतं. खोटं बोलले. बाईचे चार दिवस अपवित्र, हेही मी बोलले, आणि तुम्ही ऐकलंत. त्याच चार दिवसांमुळे मी आई झाले, तुम्हीही कुणाची तरी लेकरं झालात. तो लुच्चा आपल्या वाटेने गेला; मी इथेच राहणार आहे, तुमच्यासमोर. उद्या कुणी येऊन म्हणेल, तुमचं यंत्र शापानं बंद पडलं, देव रुसला, पितर कोपले. तेव्हा आधी त्यावर काय लिहिलंय ते वाचा. वाचता येत नसेल तर ज्याला येतं त्याला विचारा. सून असली तरी विचारा. मज वाचता येत नाही याची लाज मी साठ वर्षं लपवली. ती लाज नव्हतीच. जिला वाचता येत होतं तिचं तोंड मी बंद केलं, ही लाज आहे."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बऱ्याच जणांच्या घरी हळदीची तबकडी होती. ते जमिनीकडे बघत होते.

अखिला जवळ आली. पाया पडली नाही, मिठीही मारली नाही. कोपराला धरून म्हणाली, "बसा अत्तै. गुडघे दुखतील."

चंद्रमतीबाई बसल्या. हळूच म्हणाल्या, "त्या चार ओळी पुन्हा एकदा वाच गे. अक्षरावर बोट ठेवून. मज बघायच्या आहेत."

"आता नाहीत त्या अत्तै. पडद्यावरून गेल्या."

"मग कागदावर लिही," चंद्रमतीबाई म्हणाल्या, आणि टाळ बाजूला ठेवून त्यांनी हात पुढे केला.