शमावर लावलेली पैज

उमरखेडच्या त्या जिनिंगात कापूस आत जाई, रुई एकीकडं सुटे, सरकी खाली गळे. सुटत नव्हता तो एकटा अय्याज. मुकादम डोमाजी क्रिकेटवर सट्टा घेई. त्याच्याकडं लावणाऱ्यांनी मॅचच्या दिवशी खुशाल दांडी मारावी. त्यांची हजेरी डोमाजी भरी, अन् त्यांच्या वाटचं काम न लावणाऱ्याच्या पाठीवर पडे. लेकीच्या, शमाच्या डोक्यावर हात ठेवून अय्याजनं सट्टा सोडला, तेव्हापासून त्याला सुट्टी म्हणून नव्हती.

आज मॅच होती, अन् शमाची तालुक्याची शर्यतही.

"भाऊ, दोन घंटे सोडा. पोरगी पयल्यांदा पळून राह्यली."

"मॅचवर लाव, आत्ता जा."

"कसम खाल्ली न मी."

"कसम किरकेटची व्हय न?" डोमाजी हसला. "मंग पोरीवरच लाव. पयली आली तं सीझनभर मॅचच्या दिवशी तुले सुट्टी. नाही आली तं दर मॅचले आमच्यात बसून लावाचं. माही पुतणी त्याच शाळेत हाय, निकाल मले कळते. काहून बावा, पोरीवर भरोसा नाही?"

बाकीचे फिदीफिदी हसले. अय्याजनं मान हलवली, तसं फाटक उघडलं.

मैदानावर शिट्टी वाजली, अन् पेरणीच्या चाड्यातून निसटलेल्या दाण्यासारखी शमा सुटली. निलोफर ओढणी सावरत ओरडत होती, "भाग, शमा, भाग!" नवऱ्याला मात्र शमा दिसेना. दिसत होती ती तिच्या पुढची, लाल फीतवाली. ती ठेचाळावी, पडावी, असं त्याच्या मनानं मागितलं. दुसऱ्याच्या लेकरासाठी आपण काय मागितलं हे कळलं, अन् तोंड कडू झालं.

लाल फीत पहिली आली. शमा दुसरी.

धापा टाकत ती येऊन गळ्यात पडली. "अब्बा, दुसरी! पाह्यलं न तुमी?"

"पाह्यलं."

"मंग हसून काहून नाही राह्यले? बाई म्हणे दोघींले यवतमाळले नेतो, जिल्ह्याले. तवाही याल न?"

"यीन."

"डोमाजीनं आज सुट्टी कशी काय देली?" निलोफरनं हळूच विचारलं.

अय्याज वाकून शमाच्या पायांवरची धूळ झटकू लागला. निलोफरनं क्षणभर त्याच्याकडं पाहिलं, मग शमाचा हात धरला, अन् मायलेकी घराकडं चालू लागल्या.

तो जिनिंगच्या वाटेला लागला. मॅच सुरू व्हायची होती. डोमाजीनं त्याच्यासाठी जागा धरून ठेवली असणार.