बिननंबराचा फोन

कॉर्लिसच्या फोनची बॅटरी केव्हाच मेली होती. वायर भिंतीत असेल तोवर फोन जिवंत, काढली की लगेच मान टाकायचा. म्हणून सकाळपासून ती बेघरांसाठीच्या डे सेंटरच्या त्या भिंतीशी दावणीला बांधल्यासारखी उभी होती. वायर जेमतेम हातभर. जूनीची चटई तिने होईल तेवढी जवळ ओढून घेतली होती, तरी पोर तिच्या पायाला लागायची, हाताला नाही.

जूनी चार वर्षांची. फिट्स यायच्या तिला. सिरपची बाटली सकाळी उलटी धरून कॉर्लिसने तळाचा थेंब न् थेंब सिरिंजमध्ये ओढला, पण रोजच्या खुणेपर्यंत काही तो पोचला नाही. औषधाच्या दुकानातल्या माणसाने जूनीचं सरकारी औषधाचं कार्ड घालून पाहिलं, काढून पुन्हा घालून पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, हे बंद पडलंय, नूतनीकरण झालेलं नाही, काउंटीच्या सरकारी ऑफिसला फोन करा. पदरचे पैसे देऊन किती पडेल, हे तिने विचारलंच नाही. जे आवाक्यात नाही त्याची किंमत विचारायची कशाला?

नूतनीकरणाचे कागद आले नव्हते असं नाही. ते गेले नवऱ्याच्या, ड्वेनच्या घरी. मार्चमध्ये जूनीला ब्लँकेटमध्ये गुंडाळून कॉर्लिस त्या घरातून निघाली ती निघालीच. काउंटीला मात्र तिने पत्ता कळवला नाही, मुद्दामच. कार्डाच्या केसवर, म्हणजे काउंटीतल्या फायलीवर, पहिलं नाव नवऱ्याचं. नवा पत्ता दिला की तो आधी त्यालाच कळणार, अशी तिची पक्की समजूत. सेंटरमध्ये येणाऱ्या बायकांचीही हीच रीत होती. माणूस मागावर असेल तर सरकारदरबारी जुनंच दार राहू द्यायचं. त्या दारावर कागद येऊन पडले, ड्वेनने ते कचऱ्यात टाकले असतील नाहीतर तसेच पडू दिले असतील. लपायची ती रीत आता पोरीच्या औषधावर उठली होती.

काउंटीच्या फोनवरच्या मशीनने सांगितलं होतं की रांग मोठी आहे, आम्हीच तुम्हाला उलटा फोन करू. दोन वेळा करू. दोन्ही वेळा उचलला नाही तर पुन्हा रांगेत लागा. आणि आज शुक्रवार. आज हुकलं की थेट सोमवार. एक डोस चुकला होता तेव्हा जूनी लाँड्रोमॅटमध्ये, कपडे धुवायच्या मशीनांपुढे, फरशीवर पडली होती. सोमवारपर्यंत किती डोस चुकतील, हे मोजायचं कॉर्लिसने टाळलं.

त्यात आज सेंटरचाही दिवस होता. राज्याकडून येणारा पैसा आटला होता आणि काउंटीचं बोर्ड दुपारी ठरवणार होतं, हे सेंटर चालू ठेवायचं की नाही. सकाळची कॉफी, आंघोळीचे दोन शॉवर, टपाल घ्यायला एक पत्ता आणि फोन चार्ज करायला ही भिंत, एवढाच सेंटरचा पसारा. तेवढ्यावर शेकडो माणसं तगून होती. मिस ओपल सेंटर चालवायच्या. सगळ्या जाणत्या बायकांना इथे मिसच म्हणायचे, मग त्यांना नातवंडं का असेनात. आज त्यांनी रविवारची चर्चची जांभळी हॅट घातली होती. सगळी मंडळी व्हॅनमधून बोर्डापुढे बोलायला जाणार होती. कॉर्लिसनेही बोलायचं कबूल केलं होतं. मिस ओपल म्हणाल्या होत्या, “पोर कडेवर असलं की बोर्डावरचे ते सुपरवायझर खाली मान घालतात, बाळा. आणि मान खाली असलेला माणूस नाही म्हणायला जरा कचरतो.”

आता कॉर्लिसला भिंत सोडता येत नव्हती. मिस ओपल निघाल्या की सेंटरला कुलूप. पगारी माणूस आत नसेल तर कुणालाही आत बसू द्यायचं नाही, हा विम्याचा नियम. आणि पगारी म्हणून आता मिस ओपल एकट्याच उरल्या होत्या.

भिंतीवर चपलांचा कप्पेवाला पडदा टांगलेला होता. त्याच्या एकेका कप्प्यात एकेक फोन, आणि खुर्ची टाकून त्यांची राखण करणारे मिस्टर रूफस. तिथला कायदा एकच होता. दुसऱ्याचा फोन कितीही वाजला तरी त्याला हात लावायचा नाही. मागे एका नव्या भल्या बाईने कुणाचा तरी फोन उचलून गोड आवाजात सांगितलं, हो, त्या इथेच आहेत, आंघोळीला गेल्यात. संध्याकाळी दारात तिचा नवरा उभा. तेव्हापासून मिस्टर रूफस म्हणायचे, “इथे देवाचा फोन आला तरी वाजू दे. त्याला घाई असेल तर तो स्वतः येईल.”

कॉर्लिसचा फोन वाजला तेव्हा ती जूनीच्या पायातला निसटलेला मोजा घालायला वाकली होती. फोनच्या पडद्यावर नंबर नव्हता. नुसतं ‘अज्ञात’. तिच्या अंगठ्याने तो कापला.

तिने नाही, अंगठ्याने. गेले कित्येक महिने ड्वेन असाच नंबर लपवून फोन करत होता. अज्ञात दिसलं की काप, हे हाताला इतकं अंगवळणी पडलं होतं की डोकं मागून धावत आलं. तोवर पडदा काळा झालेला. काउंटीचा नंबरही दिसत नाही, हे मशीनने सकाळी स्वतः सांगितलं होतं. तिने ते ऐकलंही होतं.

भिंतीला टेकून ती म्हणाली, “मी कापला. मिस्टर रूफस, काउंटीचा होता आणि मी कापला.”

रूफस खुर्चीतून उठले.

बाहेर व्हॅनचा हॉर्न वाजला. मिस ओपल किल्ल्यांचा जुडगा घेऊन दारापर्यंत आल्या आणि थबकल्या. काय झालं ते रूफसनेच थोडक्यात सांगितलं. मिस ओपल कॉर्लिसकडे बघत राहिल्या. कॉर्लिसने त्यांच्या नजरेला नजर दिली नाही. म्हणाली, तुम्ही जा, मी बाहेर कुठेतरी वायर शोधते, पेट्रोल पंपावर विचारते. तिलाही ठाऊक होतं आणि मिस ओपलनाही, की पंपवाला पाच मिनिटांत हाकलतो, आणि वायर एका जागेहून दुसरीकडे नेताना फोन मरणार, आणि तेव्हाच नेमका काउंटीचा दुसरा फोन येणार.

मिस ओपलनी हॅट काढून टेबलावर ठेवली.

“रूफस, माझ्या जागी तू बोल.”

“मी? मिस ओपल, मी बोललो तर आहे तेही जाईल. मागच्या वेळी मी बोर्डावरच्या त्या टकल्याला काय म्हणालो, आठवतंय ना?”

“मग टकल्याकडे न बघता बोल. जा.”

रूफस पुटपुटत गेले. व्हॅन गेली. रस्त्याच्या वळणावर टोमॅटोचे ट्रक कलंडत जात होते, मागे लाल शिंतोडे टाकत. एरवी जूनी खिडकीशी उभी राहून ते ट्रक मोजायची. आज ती चटईवरून उठली नाही.

कॉर्लिसच्या ते आधी लक्षात आलं नाही. फोनवरची नजर काढायची तिला भीती वाटत होती. मिस ओपलनीच विचारलं, “पोर अशी ओठ का चाटतेय?”

जूनी एकाच जागी बघत होती. तोंडात गोळी घोळवावी तसे ओठ हलत होते, तोंडात गोळी नव्हती. हे पुढे कुठे जातं ते कॉर्लिसला माहीत होतं. कधीकधी इथेच थांबतंही, असं ती स्वतःला बजावू लागली.

तेवढ्यात फोन वाजला. अज्ञात.

तिने उचलला आणि काही बोलली नाही. पलीकडेही कुणी बोललं नाही. नुसती खरखर. मग एक बाईचा आवाज, “हॅलो? मी कोणाशी बोलतेय?”

बाईचा आवाज आहे म्हणून काय झालं? मे महिन्यात ड्वेनने बहिणीकडून फोन करवला होता. ती दवाखान्यातली नर्स बनून गोड बोलत होती.

“तुम्ही कोण ते सांगा,” कॉर्लिस म्हणाली.

“आधी तुमचं नाव लागेल, बाई. नियम आहे.”

“माझाही आहे.”

पलीकडची बाई गप्प झाली. ती आता फोन ठेवणार, हे कॉर्लिसला कळत होतं, तरी स्वतःचं नाव ओठांवर येईना. आणि त्या गप्पपणात तिला मागचं ऐकू आलं. लांबून, एकात एक मिसळलेले कितीतरी आवाज, जन्मतारीख सांगा, महिना आधी, नाही नाही महिना आधी. ड्वेनच्या बहिणीच्या स्वयंपाकघरात एवढी माणसं बसून जन्मतारखा विचारत नसतात.

“कॉर्लिस मेडलॉक,” ती म्हणाली. “मुलीचं कार्ड बंद पडलंय. तिचं औषध संपलंय.”

बाईने सुटकेचा श्वास सोडला. तिने नाव सांगितलं, किया मुआ, काउंटीच्या ऑफिसातली. आवाजावरून तरुण, आणि सकाळपासून हेच करून दमलेली. केसवर पहिलं नाव ड्वेनचं दिसतंय, ते अजून एकत्र राहतात का, असं तिने विचारलं. कॉर्लिस म्हणाली, नाही, आणि आम्ही कुठे आहोत हे त्याला कळता कामा नये. कियाचा आवाज खाली आला. तिने सांगितलं की तुमची केस वेगळी काढते, वर खूण करते, तुमचा पत्ता त्याला कधीच दिसणार नाही. हे मार्चमध्येही करता आलं असतं. कॉर्लिसने डोळे मिटले. मार्चमध्ये तिने कुणाला विचारलं नव्हतं. कुणी आपणहून सांगितलंही नव्हतं.

चटईवर काहीतरी आपटलं. जूनीची टाच. मग दुसरी.

कॉर्लिस झेपावली आणि वायरने तिला मागे खेचलं. प्लग अर्धा निघाला. पडदा मंदावला. तिने हाताने प्लग दाबून धरला. पोर तिच्यापासून दोन हातांवर ताठ होऊन थरथरत होती.

मिस ओपल गुडघ्यांवर बसल्या होत्या. एरवी त्यांना खाली बसायला खुर्चीचा आधार लागायचा. त्यांनी जूनीला कुशीवर वळवलं, डोक्याखाली आपली जांभळी हॅट सरकवली आणि वर न बघता म्हणाल्या, “तू बोल. पोर माझ्याकडे आहे. लांबलं तर मी अॅम्ब्युलन्स बोलावते, फोन माझ्या हातात आहे. तू बोल.”

“काय झालं?” कियाने विचारलं.

“तिला फिट आलीय. तुम्ही थांबू नका.”

किया क्षणभर थांबलीच. मग भराभर बोलू लागली. आता मी वाचीन, प्रत्येक वाक्याला हो म्हणा, शेवटी आपलं नाव घ्या. आवाजाचीच सही. मध्ये तोडलंत तर मशीन पुन्हा पहिल्यापासून घेतं. आणि तिने वाचायला घेतलं, जितक्या वेगाने माणसाला वाचता येतं तितक्या. मी दिलेली माहिती खरी आहे. हो. माझं उत्पन्न असं आहे. हो. कॉर्लिसची नजर जूनीच्या हनुवटीवरून हलत नव्हती. हनुवटी ओली, हात आखडलेले. बदल झाल्यास कळवीन. हो. लेकरू तिकडे झुंजतंय आणि आई इकडे हो हो म्हणतेय, आयुष्यात इतक्या वेळा इतक्या मुकाट्याने ती कुणाला हो म्हणाली नव्हती.

“टपालाचा पत्ता?”

कॉर्लिसने मिस ओपलकडे पाहिलं. काउंटीच्या बोर्डात या घटकेला याच पत्त्याचा निकाल लागत होता.

“इथला दे,” मिस ओपल म्हणाल्या. “आज तरी हा पत्ता आहे.”

तिने सेंटरचा पत्ता सांगितला. शेवटी स्वतःचं नाव घेतलं, सावकाश, स्पष्ट, एकही अक्षर न गिळता. किया म्हणाली, झालं, तासाभरात दुकानात दिसेल. मग विचारलं, “मुलगी?”

जूनीचे पाय सैलावत होते. मिस ओपल तिच्या पाठीवर हात ठेवून कसलंसं गाणं गुणगुणत होत्या, शब्द नसलेलं.

“उतरतंय,” कॉर्लिस म्हणाली, आणि फोन टाकून तशीच जमिनीवर बसली. फोन विझला. विझू दे.

मिस ओपलच्या जुन्या गाडीतून त्या औषधाच्या दुकानावर गेल्या. कार्ड चाललं. काउंटरवरच्या त्याच माणसाने पिशवीत सिरपबरोबर एक नवी सिरिंज जास्तीची घातली. पण औषध लगेच देता येईना. फिटनंतर जूनी दगडासारखी झोपली होती आणि झोपेतल्या पोराच्या तोंडात औषध ओतायचं नसतं. त्या दोघी पार्किंगमध्ये खिडक्या उघड्या टाकून बसल्या. नदीवरून वारा येत होता. कॉर्लिस सारखी पोरीच्या नाकाशी बोट नेत होती.

रूफसचा फोन आला. मिस ओपलनी तो कानाशी धरला, बराच वेळ ऐकलं, आणि एवढंच म्हणाल्या, टकल्याला काय बोललास ते नंतर सांग. फोन मांडीवर ठेवून त्या समोरच्या भिंतीकडे बघत राहिल्या. सेंटर बंद होणार का, हे कॉर्लिसला विचारावं लागलं नाही.

“कधीपर्यंत?” तिने विचारलं.

“महिनाअखेर.”

“मी तोच पत्ता दिलाय.”

“माहितेय.”

“आज मी तिथे गेले असते, हिला घेऊन, तर...”

“तर ते मान खाली घालून नाही म्हणाले असते,” मिस ओपल म्हणाल्या. पण त्यांचा आवाज जरा उशिरा आला, आणि त्या दोघींनाही ते कळलं. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, पत्त्याचं सोमवारी बघू, कियालाच विचारू, तिच्या ऑफिसात टपाल ठेवतात का ते. मग डोळ्यांना हात लावून खिडकीबाहेर बघू लागल्या.

कॉर्लिसच्या मांडीवरची जूनी हलली. डोळे उघडले, पुन्हा मिटले, उघडले. आई दिसली तशी तिने तोंड वाकडं केलं. पाणी हवं होतं. कॉर्लिसने बसतं करून पाणी पाजलं, नाव विचारलं. पोरीने ते कंटाळून सांगितलं. मग कॉर्लिसने नवी बाटली फोडली, सिरिंज भरली, खुणेपर्यंत, आणि गालाच्या आतून हळूच सोडली.

जूनीने औषध गालात धरून ठेवलं, नेहमीसारखं. आईकडे बघत, डोळ्यांत खोडी.

“गीळ, राणी,” कॉर्लिस म्हणाली. “गीळ ना.”

मिस ओपलही वळून बघत होत्या. पोरीचा गाल फुगलेलाच होता. मग गळा एकदा खालीवर झाला, आणि कॉर्लिसने सकाळपासून पहिल्यांदा पाठ सीटला टेकवली.