गौराबाईचं विरजण

सत्तावन्न साली तापाची साथ कडाव गावात आली आणि नागूलाही तिने झोपवलं. ताप उतरला तेव्हा चुलीजवळचं दह्याचं मडकं पार वाळून गेलं होतं. त्याची बायको गौराबाई जाऊन वर्ष होत आलं, तरी तिच्या हातच्या दह्याचंच विरजण नागू रोज दुधाला लावत आला होता. आता तेही गेलं. त्याने जेवणच टाकलं.

कर्जतचे डॉक्टर म्हणाले, "या तापावर औषध नाही, अंगालाच झुंजावं लागतं. ताजं दही खा. त्यातले बारीक जीव पोटाला बळ देतात. पुढचा ताप अडवायलाही मदत करत असतील."

शेजारची धोंडूबाई वाटीभर दही घेऊन आली. नागूने तोंड फिरवलं. "दुसऱ्याच्या घरचं नको मला."

"दुसऱ्याचं कुठलं, भावजी? पावसात माझं विरजण नासलं, तवा गौरानंच दिलं. दिवेलागणीला घरातलं विरजण देऊ नये म्हणून तुमी वरडाल, तर पदराखाली झाकून आणलं तिनं. तेच आजवर लावते मी."

"माझ्या नाकासमोरनं?"

"व्हय, तुमी पडवीत बिडी वढत व्हता!"

नागूला हसू आलं आणि डोळेही भरले. त्याने दही चाखलं. तीच चव होती, जरा जास्त आंबट. तो सावकाश खात गेला आणि तळाशी चमचाभर उरल्यावर थांबला.

"वैनी, थोडं दूध असंल का?" तो म्हणाला. "कोमट करून द्या."