आतली परात

चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत बसून ती काचा घासायची, म्हणून सगळ्यांची ती 'चष्मेवाली'. अर्ध्या मिलिमीटरचा फरक तिच्या नजरेतून सुटत नसे. मग नर्स कशी सुटणार?

नर्स चार महिन्यांपूर्वी समोरच्या खोलीत राहायला आली होती. तोवर घरमालकीण खालाच्या माडीवर भाडेकरू एकच होती, आणि या परक्या देशात 'जेवलीस का?' म्हणून तिला विचारणारं माणूसही एकच, खाला. आता तो प्रश्न दोन दारांवर विचारला जाई आणि चष्मेवालीचा जळफळाट होई. पस्तिशी उलटलेल्या बाईला हे शोभत नाही, असं ती स्वतःला बजावायची. उपयोग शून्य.

त्यात दोन महिन्यांनी तिचं इथलं काम संपणार होतं. म्हणजे या घरातली ही तिची शेवटची ईद. ती तरी आपल्या एकटीची असावी, एवढंच तिला हवं होतं.

गेल्या दोन्ही वर्षी ईदला ती बाहेरच्या खोलीत, टेबलापाशी, खालाच्या नवऱ्याच्या, म्हणजे खालूंच्या उजव्या हाताला बसली होती. पुढ्यात सोनेरी काठाची प्लेट. खाला वाढतेय, ही नको नको म्हणतेय आणि सगळं संपवतेय. मदतीला म्हणून सुरी उचलली, तर खाला हातातून काढून घ्यायची. "पाहुण्यांनी कामं करायची नसतात गं."

यंदा आदल्या संध्याकाळी खालानं काही न विचारता दोन किलो कांदे तिच्यापुढे ओतले. "बारीक चिर. आणि उद्या लवकर खाली ये."

नर्स दारातून डोकावली. "मी काही करू?"

"छे, छे! तू पाहुणी. तू बस."

चष्मेवालीच्या डोळ्यांना धार लागली. बरं झालं, कांद्याच्या नावावर बिल फाडता आलं.

ईदच्या सकाळी नमाज झाली, गळाभेटी झाल्या, दुपारी पाहुणे जेवायला बसले. खालूंच्या उजव्या हाताला नर्स होती. तिच्यापुढे सोनेरी काठाची प्लेट, टवका उडालेली. चष्मेवालीनं आपली प्लेट लगेच ओळखली.

"अगं, आत ये ना," स्वयंपाकघरातून खालानं हाक मारली. "रोट्या गरम करायच्यात."

तीन वर्षांची माया, आणि शेवटी मोलकरीण! चष्मेवालीनं खुर्ची ओढली. "मी इथेच बसते. मलाही भूक लागलीय."

खाला डाव हातात घेऊन दारात उभी राहिली. मग कपाटातून आणखी एक प्लेट आली.

चष्मेवाली इरेला पेटून जेवली. नर्सनं मटण एकदा घेतलं, हिनं दोनदा. नर्सनं खीर एक वाटी घेतली, हिनं तीन. शेजारी खालू सगळ्यांना आग्रह करत होते. त्यांच्यापुढे प्लेटच नव्हती, हे मात्र त्या नजरेनं टिपलं नाही.

"तुझं बरंय," नर्स हळूच म्हणाली. "मला तर कांदासुद्धा चिरू देत नाहीत."

वर टोमणा मारतेय, असं म्हणून चष्मेवालीनं मान फिरवली.

पाहुणे पांगले, नर्स ड्यूटीला गेली. उष्ट्या प्लेटा घेऊन चष्मेवालीनं कोपरानं स्वयंपाकघराचं दार ढकललं. खाली चटईवर मोठी परात होती, वाफाळणारी. भोवती खालू, खाला, खालाची धाकटी मुलगी आणि म्हाताऱ्या आजी. अजून कुणी घास उचलला नव्हता. आजींच्या शेजारी एक जागा रिकामी होती.

"किती वेळ लावलास!" धाकटी म्हणाली. "सकाळपासून उपाशी आहोत. पाहुण्यांचं झालं की घरचे सगळे एका परातीत जेवतात. यंदा तूही आहेस म्हणून अम्मीनं मोठी परात काढलीय."

चष्मेवाली त्या जागेवर जाऊन बसली. खीर गळ्याशी आली होती. आयुष्यभर तिनं लोकांचा हेवा केला होता. आज तिला त्या बाईचा हेवा वाटला, जी खालाची हाक ऐकून इथे रिकाम्या पोटानं येऊन बसली असती.

आजींनी मटणाचा चांगलासा तुकडा बोटांनी तिच्या बाजूला सरकवला. तिनं हात पुढे केला. घास काही घेववेना.

"राहू दे, जबरदस्ती नको," आजी म्हणाल्या. "पुढच्या ईदला जेवेल की आपल्यात."

खालानं खाली मान घालून रोटी मोडली. आजींना कुणी काही सांगितलं नाही.