दाबून ठेवलेला वेग

अक्काच्या घरात भूत आहे, असं कुणी तोंडावर म्हटलं असतं तर अक्काने त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. भुतं रिकामटेकड्यांना दिसतात, असं तिचं ठाम मत. पण दुपारी जेवून ती खाटेवर आडवी झाली, की खिडकीखालच्या काळ्या डब्यातून जो आवाज यायचा, तो थेट तिच्या थोरल्या लेकाच्या श्वासासारखा होता. हलका, नाक चोंदल्यासारखा, मध्येच अडखळणारा. थोरल्याला जाऊन अकरा महिने झाले होते. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायचं तर आधी आपलं डोकं फिरलंय हे कबूल करावं लागलं असतं, आणि कबूल करणं अक्काच्या रक्तात नव्हतं.

डबा म्हणजे थोरल्याचा कॉम्प्युटर. एकेक भाग आणून त्याने स्वतः जोडलेला. न बांधलेल्या घरांची चित्रं तो त्यावर करायचा; बिल्डर ती गिऱ्हाइकांना दाखवत. आता तेच काम सून करत होती. चित्रातल्या खोलीत ऊन असायचं, पडदा जरासा उडालेला, खुर्ची आत्ताच कुणी उठून गेल्यासारखी सरकलेली, आणि माणूस मात्र एकही नाही. अक्का त्या चित्रांकडे पाठ करूनच झोपायची.

"एका खोलीचं चित्र काढायला नऊ नऊ तास घेतो हा!" त्या दुपारी सून स्क्रूड्रायव्हर घेऊन डब्यासमोर बसली. "कोण थांबणार माझ्यासाठी? आज शेवटचा उपाय करते. जमलं तर ठीक, नाहीतर हा मोडीत आणि मी कचेरीत नोकरीला."

अक्का ताडकन उठून बसली. "माझ्या लेकाची वस्तू मोडीत घालणारी तू कोण गं?"

"त्याच लेकाची बायको."

अक्काने स्टूल ओढलं आणि सुनेच्या मानेवर श्वास पडेल इतक्या जवळ बसली. "आणि उपाय तो कसला?"

"ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. आतला प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचा."

"कधी केलंयस?"

"आज पहिल्यांदाच."

"वा! म्हणजे शिकायला आमचाच मिळाला."

सुनेने झाकण उघडून फुंकणीने धूळ उडवली, डबा चालू करताना एक बटण दाबून धरलं. नेहमीचं चित्र न येता काळ्या पडद्यावर आकड्यांच्या रांगा आल्या. अक्काला अक्षर जेमतेम लागायचं, आकडे मात्र चोख. तिने बघितलं, सुनेचं बोट एका आकड्यावर अडकलंय.

"अठ्ठावीस," सून पुटपुटली. "वेगाच्या जागी बेचाळीस हवेत. कारखान्यातून बेचाळीसच येतात. आई, हा मुळात दाबून ठेवलाय."

"कुणी?"

थोरल्याशिवाय या डब्याला हात लावला होता कुणी? सुनेने आणखी खाली बघितलं. जुळवलेले आकडे नाव देऊन तिथे जपून ठेवता येतात. एकच नाव होतं, इंग्रजी अक्षरांत. सुनेने ते मनात वाचलं आणि खुर्चीत मागे रेलली.

"वाच की मोठ्याने. मी काय बहिरी आहे?"

"आई झोपली."

डब्यातला पंखा फिरत होता. नाक चोंदलेला श्वास आत-बाहेर करत होता.

अक्काला सगळं लख्ख आठवलं. दीड वर्षापूर्वी याच खाटेवरून ती ओरडली होती, "तुझ्या या डब्याच्या घरघरीने जीव जाईल माझा! मेले म्हणजे वाजव हवा तेवढा." थोरला "बरं" म्हणाला होता. दुसऱ्या दिवसापासून डबा शांत. अक्का शेजारपाजाऱ्यांना ऐश्वर्य सांगावं तसं सांगत फिरली होती, एका शब्दात ऐकतो माझा लेक.

"वेग कमी केला की ताप कमी," सून सपाट आवाजात म्हणाली, "ताप कमी की पंखा हळू. सहा तासांचं काम मग नऊ तास. मी विचारायची, झोपायला का येत नाही? म्हणायचे, काम वाढलंय."

डॉक्टर म्हणाले होते, हृदय थकलं, झोप पुरी होत नव्हती. ते दोघींनी एकत्रच ऐकलं होतं.

एकेक पायरी चढवायची, दरवेळी तपासायचं, हे सुनेने वहीत लिहून घेतलं होतं. पण तिने वहीकडे बघितलंसुद्धा नाही. अठ्ठावीस खोडून तिने सरळ एकावन्न घातले आणि बटण असं दाबलं, जणू कुणाच्या मुस्काटात मारतेय.

पडदा काळा झाला. पंखा फिरला, थांबला. पुन्हा फिरला, पुन्हा थांबला. श्वास घ्यायला धडपडणाऱ्या माणसाचा आवाज अक्काने एकदा ऐकला होता, याच खोलीत.

"बंद कर! बंद कर ते!"

सुनेने वायर उपटली. "जळला नाही. पण आता असा उठणारच नाही. आत नाण्याएवढी बॅटरी आहे, ती काढून परत बसवली की पुन्हा कोरा होईल." ती थांबली. "मात्र लिहिलेलं सगळं पुसलं जाईल. ते नावही."

"आणि नाही काढली तर?"

"तर नाव राहील आत. डबा असाच मेलेला."

अक्का स्टुलावरून उठली. मग म्हणाली, "सरक." गुडघे टेकून तिने आत हात घातला. सुनेने बोटाने जागा दाखवली. अक्काने अंगठ्याचं नख बॅटरीखाली सारलं. टक्कन आवाज झाला आणि बॅटरी तळहातावर आली, गार.

बॅटरी परत बसवली, पाच मिनिटांनी डबा उठला. पडद्यावर तारीख आली ती सहा वर्षांपूर्वीची, आतला भाग कारखान्यात बनला तेव्हाची. त्या दिवशी थोरला जिवंत होता, याच शहरात कुठेतरी चालत, कुणाशी तरी बोलत.

"आजची घाल," अक्का म्हणाली.

मग सुनेने वही उघडली. त्रेचाळीस, चव्वेचाळीस, पंचेचाळीस. सेहेचाळीसला तपासणीत अडकला, म्हणून एक खाली. काम लावलं तसा पंखा चढत गेला, खिडकीची काच थरथरू लागली. अक्का खाटेवर जाऊन आडवी झाली आणि डोळे उघडे ठेवून ऐकू लागली. त्या घरघरीत तिने त्याला खूप शोधलं. श्वास नव्हता, अडखळणं नव्हतं. नुसतं यंत्र होतं.

"आई," सून तासाभराने हळूच म्हणाली, "फार होतोय का आवाज? कमी करू?"

"हात लावून तर बघ," अक्का म्हणाली. "तोडून ठेवीन."