झाकणावरचं कुंकू

प्लेगच्या धास्तीनं सुरत सोडून पळालेली माणसं तोंडाला रुमाल बांधून परत आली, तेव्हा कॅमेऱ्याच्या कारखान्यात कलाबाईचं टेबल जागेवर नव्हतं. टेबल नाही, स्टूल नाही, शटरच्या स्प्रिंगा मांडून ठेवायची तो लाकडी ट्रेही नाही. भिंतीशी गोणपाटात बांधलेले कॅमेरे, आणि टेबलांच्या जागी चपट्या, पांढऱ्या, झाकणाच्या पेट्या. दारात तिचा सख्खा दीर सुकलाल, खिशाला नवी पेनं लावून उभा.

"या भाबी. जगलात का?"

"तुझ्या डोळ्यांदेखत जगणार आहे. माझं टेबल कुठंय?"

"पळणाऱ्याचं टेबल राहत नसतं."

आता ती का पळाली, ते सुकलालइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तिचा नवरा धुडकू पांडेसऱ्याला रंगाच्या कारखान्यात छाती जाळून बसलेला. खोकला त्याचा जुनाच. पण त्या चौऱ्याण्णवच्या साली सुरतेत कुणी खोकललं की शेजारी दार लावून घ्यायचे. "भाऊले तोच रोग लागेल शे," हे बमरोलीच्या चाळीत पहिल्यांदा बोलला तो सुकलाल. संध्याकाळपर्यंत नळावर कलाबाईची घागर कुणीतरी लाथेनं लोटली होती. तिनं नवऱ्याला उचललं आणि अमळनेरला माहेरी नेलं. धुडकूला काही झालं नाही. तो तिथंही खोकतच होता.

कंपनीचं नाव रूपछाया कॅमेरा वर्क्स. थोरल्या शेठनी कधीकाळी एक परदेशी डबा-कॅमेरा घरच्या ओट्यावर उघडला, पाहून पाहून तसाच पत्र्याचा केला आणि विकायला काढला. मागचं दार जरा ढिलं असायचं. फोटोच्या कोपऱ्यात उजेड उतरायचा, तर लोक म्हणायचे, देवाची कृपा दिसतेय. जत्रेतले फोटोवाले, शाळांच्या सहली, खेड्यातली लग्नं, सगळीकडे रूपछाया. मग बाहेरचे प्लॅस्टिकचे कॅमेरे आले. आपोआप लखलखायचे, आपोआप रीळ गुंडाळायचे. दुकानदार रूपछायाचे खोके न फोडता परत पाठवू लागले. थोरले शेठ भिंतीवर हारात गेले आणि गादीवर त्यांचे चिरंजीव ललितभाई बसले. त्यांचं डोकं वेगळं. "माणसांचे फोटो माणसं पाडतील," ते म्हणाले, "आपण कागदांचे पाडायचे. बँकेत कागद, कोर्टात कागद, मार्केटमध्ये कागद. ह्या देशात माणसं कमी पडतील, कागद नाही पडणार." तैवानहून स्कॅनरचे सुटे भाग आले. हॉल रिकामा कधी मिळणार हाच प्रश्न होता, तो रोगानं सोडवला. सुकलाल पळाला नाही, खोकी उचलत राहिला, आणि सुपरवायझर झाला.

मशीन गिऱ्हाइकापुढं चालवून दाखवायला एक बाई ठेवायची होती. ती जागा सुकलालनं बायकोसाठी, नूतनसाठी, बोलून ठेवली होती. हे कळल्यावर कलाबाई फाटकातच बसली. ललितभाईंची गाडी आत जाईना. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, तिनं पदर सारखा केला. घरात कमावणारी तीच एकटी. उठून जायची कुठं?

शेवटी ललितभाई काच खाली करून म्हणाले, "ठीक छे. पहिलं गिऱ्हाईक तुम्ही सांभाळा. जमलं तर खुर्ची तुमची. चूक झाली तर नूतनबेन."

"चूक होईलच," सुकलाल म्हणाला. हळू बोलल्यासारखं, पण ऐकू जाईल असं.

तेवढ्यात दसरा आला. रूपछायात दसऱ्याला कॅमेऱ्यांना हळदकुंकू लागायचं, आणि त्याचा नेम ठरलेला होता. भिंग म्हणजे डोळा. डोळ्यात कुंकू जाऊ द्यायचं नाही. डोळ्याच्या वर कपाळ, तिथं बोट टेकायचं. पण ह्या नव्या पेटीला कपाळ कुठं? बायका भोवती जमल्या. एक म्हणाली, वरून लावा. दुसरी म्हणाली, पाठीला कुणी कुंकू लावतं का? कलाबाईनं झाकण उघडलं. आत आडवी काच. म्हणजे डोळा हा. डोळ्याच्या वर काय? झाकणाची आतली पांढरी बाजू. तिथं तिनं ओलं कुंकू टेकलं, चांगलं ठसठशीत, गोल. सुकलाल नारळ घेऊन बाजूलाच होता. त्यानं पाहिलं, आणि नारळ फोडला.

दुसऱ्या दिवशी व्याऱ्याकडच्या एका पतपेढीचे मॅनेजर आले. जुन्या पावत्यांचा गठ्ठा घेऊन आले होते. कागद इतका पातळ की फुंकर मारली तर उडेल. कलाबाईनं पावती काचेवर ठेवली, झाकण लावलं, आत उजेड सरकला, शेजारच्या पडद्यावर पावती उमटली. मधोमध, सहीच्या जागेवर, एक काळपट गोल डाग.

"आ टपकुं शानुं?" मॅनेजरनी विचारलं.

दुसरी पावती. तोच डाग, तिथंच. तिसरीलाही. ललितभाईंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आणि कलाबाईच्या ध्यानात आलं. कॅमेऱ्याचा डोळा समोर बघतो, त्याला स्वतःचं कपाळ दिसत नाही. हा डोळा वर बघत होता. पातळ कागदातून त्याला आपलंच कुंकू दिसत होतं.

सुकलालनं झाकण असं उघडलं, की जणू काल पाहिलंच नव्हतं. "घ्या! भाबीचे प्रताप."

"साफ करावो, जल्दी," ललितभाई म्हणाले.

सुकलाल वळला आणि सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "भाबी, पुसा तुमचं कुंकू."

हॉलमधले हात थांबले. हातातली बांगडी फुटली तरी 'वाढली' म्हणणाऱ्या ह्या बायका. आणि घरी नवरा अंथरुणावर असलेल्या बाईला, त्या नवऱ्याचाच भाऊ, भर कारखान्यात म्हणतो, कुंकू पुसा.

"काय म्हनस?" कलाबाईनं विचारलं.

"ऐकू नाही आलं? कुंकू पुसा म्हटलं."

दुसऱ्यांदा बोलला म्हणजे जीभ घसरली नव्हती.

"तुना भाऊ जित्ता शे अजून," ती म्हणाली. "तुझी घाई कळते मला. पण जित्ता आहे."

ललितभाईंना कळेना. "शुं थयुं? एवडंसं तर आहे, बेन," म्हणत त्यांनी खिशातून रुमाल काढला. कलाबाईनं झाकण खाली ओढलं आणि त्यावर तळवा दाबून धरला.

"शेठ, तुम्ही हात लावू नका. यानं तोंडातून सांडलंय, यालाच उचलू दे."

"खुर्ची जाईल भाबी," सुकलाल म्हणाला. "नूतन! ये इकडं. तू पूस."

नूतन दारापासून पुढं आली. खुर्ची तिच्या हातभर अंतरावर होती. तिनं झाकणाकडं पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं, आणि पदर कपाळावर ओढून घेतला.

"मी नाही," ती म्हणाली. जावेवर तिची माया होती असं नाही, उलट दोघींत विस्तव जात नव्हता. पण जेठाच्या, नवऱ्याच्या थोरल्या भावाच्या, नावाचं कुंकू पुसून वर आपलं कसं टिकायचं?

मॅनेजर पावत्या गोळा करू लागले. ते बघितलं आणि ललितभाई सुकलालवर फिरले, गुजरातीत, आणि जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. शेवटचं एवढंच समजलं: बोललास ते मागं घे, नाहीतर तू फाटकाबाहेर.

सुकलालनं घसा साफ केला. "झाकण स्वच्छ करा."

"कुणाला सांगतोस? भिंतीला?"

"झाकण स्वच्छ करा, भाबी."

"हां," कलाबाई म्हणाली. तिनं फडकं भिजवलं, झाकण स्वच्छ केलं, कोरडं केलं आणि खुर्चीत बसली. पुढची पावती बिनडागाची उमटली. मॅनेजर पुन्हा टेकले.

पावत्या एकेक करून हातात द्यायचं काम सुपरवायझरचं. सुकलालनं पावती काचेवर भिरकावली. ती तिरकी पडली. कलाबाईनं उचलून त्याच्यापुढं परत धरली.

"नीट दे."

"माज चढला का? बघून घेईन."

"बघ. आधी कागद नीट दे."

त्यानं दिला, सरळ, हातात. तिनं झाकण लावलं, उजेड सरकला. त्याच्याकडं न पाहता तिनं पुन्हा हात पुढं केला.

"दुसरा."