दहापैकी किती

"शून्य," मास्तर म्हणाले आणि भिंतीकडे बघू लागले.

सिस्टरने हातातला ट्रे खाली ठेवला. काल याच माणसाने दोन सांगितले होते, आणि ते सांगताना चादर मुठीत गच्च आवळली होती. शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही, हे तिने त्यांना पोटाच्या ऑपरेशनआधीच समजावून सांगितलं होतं. तेव्हा ते म्हणाले होते, "दहा मी जन्मात कुणाला दिले नाहीत, सिस्टर. गणितात कधीच न चुकणारा मुलगा मला अजून भेटायचाय."

वॉर्डात तिला पाठीमागे सगळे 'दहापैकीबाई' म्हणत. ऑपरेशन झालेल्या प्रत्येकाला ती हाच प्रश्न विचारी आणि उत्तर ऐकताना पेशंटच्या तोंडाकडे न बघता पायांकडे बघे. तोंड खोटं बोलतं, पायाची बोटं बोलत नाहीत, असं तिचं मत. कुणी सुईला भिऊन कमी सांगे, कुणी आई जवळ बसली की जास्त. मास्तर मार्कांच्या बाबतीत कंजूष, म्हणून त्यांच्या दोनाला ती मनात सहा धरत होती. पण शून्याला कितीने गुणलं तरी शून्यच, आणि तिथेच तिची पंचाईत झाली.

"झोपून शून्य. मान्य. आता खोका बघू."

"खोकला नाहीये मला."

"नसू दे. उसना आणा."

वर्गात शिरण्यापूर्वी घसा साफ करावा तसं काहीतरी मास्तरांनी केलं. पोट जागचं हललंसुद्धा नाही. चादरीखाली पायाची बोटं मात्र आखडली. तिने मनगटाला हात लावला. अंग कोमट लागत होतं. श्वास वरच्यावर चालला होता.

ती मनातून घाबरली. दुखतं म्हणून माणूस खोल श्वास घेत नाही, मग छातीत कफ साठतो, आणि टाके राहतात बाजूला, छातीच घात करते. असा एक पेशंट तिच्या डोळ्यांदेखत गेला होता. तोही 'काही नाही, बरंय' म्हणायचा.

"इंजेक्शन देते. मग नीट खोकायचं."

"नको. डॉक्टर आले की शून्य सांगा आणि आज घरी सोडायला लावा."

"घरी एवढं काय सोनं पुरून ठेवलंय?"

मास्तरांनी चादरीची कड सरळ केली. मग हळूच म्हणाले, "आमची ही विसरते. आधी वस्तू विसरायची, आता माणसं. सख्खी बहीण दारात आली तर 'कुणाकडे आलात' म्हणाली. एकटा मीच उरलोय तिच्या लक्षात. रोज सकाळी उठवून माझं तोंड दाखवतो. उजळणी लागते, सिस्टर. इतक्या दिवसांचा खाडा झाला तर..."

सिस्टरने ट्रे बाजूला सरकवला.

"त्यांच्याजवळ कोण आहे आत्ता?"

"शेजारीण."

"मग त्यांनाच इथे आणू या की!"

"नको." हे इतकं चटकन आलं की बायको आपल्याला ओळखणार नाही, ही त्यांची भीती सिस्टरला कळली. तरी ती तिथेच उभी राहिली. शेवटी मास्तरच म्हणाले, "आणा."

शेजारणीला निरोप गेला आणि मास्तरांचा जीव खालीवर व्हायला लागला. दवाखान्याचे कपडे नकोत म्हणाले. "या वेषात ओळखायची नाही ती." मग सिस्टरने त्यांना घरचा निळा शर्ट चढवला. बाही घालताना त्यांच्या कपाळावर घाम फुटला. केस विंचरून झाले. चष्मा पुसून झाला.

"आता तरी इंजेक्शन घ्या."

"गुंगी येईल. डोळे उघडे पाहिजेत मला."

ती दर थोड्या वेळाने येऊन कपाळाला हात लावून जात होती. ताप चढत होता. आपण त्यांचं ऐकतोय ते चुकतंय की काय, या विचाराने तिचं इतर पेशंटांकडे लक्ष लागेना. तिने डॉक्टरांना कळवलं. ते म्हणाले, येतोच, तोवर खोकायला लावा.

दुपारी शेजारणीने काकूंना हाताला धरून आणलं. नीटनेटक्या होत्या, पर्स छातीशी धरलेली. स्टुलावर बसल्या, मास्तरांकडे बघितलं, आणि परक्या माणसाकडे बघून हसावं तसं हसल्या.

"फार दुखतंय का हो यांना?" त्यांनी सिस्टरला विचारलं. मग दबक्या आवाजात, "कोण आहेत?"

"अहो काकू, काका ना ते!" शेजारीण म्हणाली.

मास्तरांनी हात वर केला. "असू दे."

सिस्टरने मास्तरांच्या पायांकडे बघितलं. काहीतरी बोलायचं म्हणून, इतक्या वर्षांच्या सवयीने, तिने विचारलं, "मास्तर, दहापैकी किती?"

"दहा."

तिने इंजेक्शन भरलं. ते कशाचे दहा आहेत हे तिला कळत होतं, आणि त्यावर तिच्या ट्रेमध्ये काही नव्हतं. निदान टाक्यांचं तरी थांबू दे, असं म्हणत तिने ते सलाईनच्या नळीतून हळूहळू सोडलं. थोड्या वेळाने आखडलेली बोटं सैल झाली.

मग तिने मास्तरांच्या पोटावर उशी ठेवली. एरवी ती स्वतः दाबून धरी. आज तिने काकूंची पर्स बाजूला ठेवली आणि त्यांचे दोन्ही तळहात उशीवर ठेवले.

"घट्ट धरा, काकू. खोकताना टाके ताणतात."

"जोरात धरू? लागेल ना त्यांना."

"धर," मास्तर म्हणाले.

काकूंनी ओठ मिटून, सगळा जीव ओतून उशी धरली. मास्तर खोकले. पार पोटापासून, छाती हलवून. डोळ्यांतून पाणी आलं. काकूंनी हात ढळू दिला नाही.

"शाब्बास," त्या म्हणाल्या. "आता आणखी एकदा."

मास्तरांनी त्यांच्याकडे बघत खोल श्वास भरून घेतला.